उत्तरेचं दार

"बाबा, वर चला ना. ताट वाढलंय," केतकी म्हणाली.

"मी इथं बरा आहे. इथं वारा आहे."

"वाऱ्याला पेट्रोलचा वास येतोय."

"मला सवय आहे. मी एसटीनं आलोय."

केतकी माझी सून. हे बोलणं चाललं होतं पुण्यात, तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. एका बाजूला कुणाची तरी मोटार, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पंप आणि मध्ये रखवालदाराच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. होळीचा दिवस होता. वर चौथ्या मजल्यावर माझी बायको इंदू आमच्या मुलाच्या, संग्रामच्या घरात बसून पुरणपोळी खात होती. संग्रामही वरच होता. तो खाली येणार नव्हता आणि मी वर जाणार नव्हतो, एवढं दोघांचंही पक्कं ठरलेलं होतं.

दर सणाला हाच कार्यक्रम असायचा. मी इंदूला साताऱ्याहून एसटीनं आणायचो, लिफ्टपर्यंत पोचवायचो आणि उन्हं उतरेपर्यंत खाली बसायचो. मग केतकी डबा घेऊन यायची, "वर चला" म्हणायची, मी "नको" म्हणायचो आणि ती डबा उघडायची. डब्यातली पोळी गरम असायची. या सगळ्या प्रकारात तिनं माझं जेवण एकदाही गार होऊ दिलं नाही. ही गोष्ट होऊन आता बरीच वर्षं झाली, पण तेवढं मला आजही सांगावंसं वाटतं.

भांडण दारावरून झालं होतं. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, म्हणजे धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचो. सगळी नोकरी टी-स्क्वेअर आणि होकायंत्राच्या संगतीत गेली. नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजायला लागायचं. उजवीकडे सरकलं की पूर्व वाढते, वर सरकलं की उत्तर वाढते. एवढं एक ज्याला कळलं तो जगात कुठं हरवत नाही, असं मी संग्रामला लहानपणीच शिकवलं होतं. वास्तुशास्त्र हा माझा दुसरा विषय. साताऱ्यात कितीतरी जणांच्या चुली मी फुकटात आग्नेयेला नेऊन ठेवल्या आहेत. आणि माझ्याच पोटच्या पोरानं पुण्यात फ्लॅट घेतला तो दक्षिणेकडं तोंड असलेल्या दाराचा. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आमच्याकडं त्या दिशेला पाय करून कुणी झोपतही नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी मी त्या दाराशी उभं राहून खिशातलं होकायंत्र काढलं, सुई बघितली आणि चौथ्या मजल्यावरून जिन्यानं खाली आलो. संग्राम सोवळ्यातच माझ्या मागं धावत आला.

"बाबा, वर येताय का नाही?"

"दार हलव, येतो."

"बिल्डिंगच हलवू का?"

चार पाहुणे ऐकत होते. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आमच्या फडतरे घराण्यात मान वाकते ती फक्त जेवताना, असं माझी आई म्हणायची, ते खोटं नव्हतं.

मला त्याची फार आठवण यायची. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, कारण कुणी विचारलं नाही.

तर त्या होळीला पोळीवर तूप घेता घेता मी केतकीला हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "तो सुट्टीच्या दिवशी काय करतो?"

"बॉट लिहितो."

"म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर एक खेळ आहे, 'तटबंदी' नावाचा. किल्ला बांधायचा, कामगार लावून लाकूड-दगड आणायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. पण हातानं खेळायचं नाही. कधी काय करायचं त्याचा प्रोग्राम आधीच लिहून ठेवायचा. मग तो प्रोग्रामच आपल्या वतीनं खेळतो. त्याला बॉट म्हणतात."

"आणि तेवढा वेळ संग्राम काय करतो?"

"बघत बसतो."

"आमच्या खात्यात याला कार्यकारी अभियंता म्हणायचे," मी म्हणालो.

केतकी हसली. मी विनोद केला नव्हता.

"इथल्याच पोरांनी चालवलंय ते," ती म्हणाली. "सगळं मराठीत. कुणीही भाग घेऊ शकतं. नवशिके प्रश्न विचारतात, जुने लोक उत्तरं देतात. हा तर इतकं छान समजावतो बाबा, वाचून मलाच नवल वाटतं. तिथं प्रत्येकाचं टोपणनाव असतं. ह्याचं 'यवतेश्वर'."

यवतेश्वर हा साताऱ्याला आमच्या गच्चीवरून दिसणारा डोंगर. मी केतकीकडं अजून एक पोळी मागितली. ती हे सगळं मला कशासाठी सांगत होती, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

परतीच्या एसटीत कात्रजचा घाट संपेपर्यंत इंदू पिशवी आवरत होती. मग म्हणाली, "आता मी दिवाळीपर्यंत पुण्यात पाऊल टाकणार नाही."

"का?"

"नवरा पार्किंगात आणि मी वर. मला घास गिळत नाही. दिवाळीच्या पाडव्याला मी तुम्हाला ओवाळीन ते त्या घरात. त्या दिवशी तुम्ही वर आला नाहीत, तर ते माझंही तिथलं शेवटचं जाणं."

"ओवाळायचं काय, खालीही ओवाळता येतं."

"पेट्रोल सांडलेलं असतं तिथं. मी निरांजन पेटवणार नाही," असं म्हणून तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. इंदू बोलते ते करते. ती जायची थांबली असती तर त्या घराचा आणि आमचा उरलासुरला धागाही तुटला असता, आणि तो मीच तोडला असं सगळ्या भावकीनं म्हटलं असतं. ते मला चाललं असतं. पण संग्राम कसा आहे, हे मग मला कुणी सांगितलं असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी संग्रामचा कॉलेजातला कॉम्प्युटर उघडला. इंदूनं त्याला जुन्या परकराचा अभ्रा शिवला होता. इंटरनेटवरचे धडे बघत, एका बोटानं टंकत, मी हळूहळू प्रोग्राम लिहायला शिकलो. खेळात मी नाव घेतलं 'शेजारी'.

पहिली अडचण अशी की आमच्या कॉम्प्युटरवर खेळाचं चित्रच दिसेना. यंत्र जुनं होतं, पडदा नुसता काळा यायचा. पण प्रत्येक सामना झाला की त्याचा लेखी वृत्तान्त मिळायचा, सगळा आकड्यांत. कोणता कामगार कुठं होता, कोणती भिंत कुठं उभी राहिली, प्रत्येक जागेला दोन आकडे, एक आडवा आणि एक उभा. माझा जन्म त्यातच गेला होता. मी आलेखाचा कागद आणला, पेन्सिलीला टोक केलं आणि वृत्तान्तावरून आख्खा सामना कागदावर काढायला सुरुवात केली. आकडे कसे वाचायचे, ही त्या खेळातली एकच गोष्ट मला कुणाला विचारावी लागली नाही.

"हे काय, धरण बांधताय का?" इंदूनं विचारलं.

"किल्ला."

"बांधा. दळण आणून द्या आणि मग बांधा."

बाकीचं मात्र सगळंच विचारावं लागलं. माझा पहिला सामना सुरू झाला आणि संपला, तरी माझा एकही माणूस जागचा हलला नव्हता. समोरच्याचं सैन्य आलं आणि त्यांना उभ्या उभ्या कापून गेलं. मी चर्चेच्या पानावर लिहिलं, "माझी माणसं हलत नाहीत. काय करावे?"

थोड्या वेळानं उत्तर आलं. खाली नाव होतं यवतेश्वर. मी चष्मा पुसला.

"तुम्ही त्यांना काय करायला सांगितलं आहे?"

"अजून काही नाही. ते कामगार आहेत. कामगारांना काम माहीत असते."

"इथल्या कामगारांना काहीच माहीत नसतं, काका. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. तीही न चिडता."

मी काका आहे हे त्यानं कशावरून ओळखलं कोण जाणे. 'काय करावे' असं कुणी तरुण माणूस लिहीत नसावा.

मग मी झाड तोडायला सांगितलं. सगळेच्या सगळे कामगार एकाच झाडापाशी गेले आणि एकमेकांची वाट अडवून उभे राहिले. मी कागदावर काढून इंदूला दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या खात्यातलेच दिसतात." यवतेश्वरनं मला प्रत्येकाला वेगळं झाड कसं नेमून द्यायचं ते शिकवलं. मग झाडं तुटली, पण लाकूड काही किल्ल्यात येईना. कामगार मोळ्या घेऊन रानातच उभे. मी चिडून लिहिलं की हा खेळच सदोष आहे.

यवतेश्वरनं लिहिलं, "खेळ बरोबर आहे. तुम्ही त्यांना जायला सांगितलंत, परत यायला सांगितलं नाहीत. सांगितल्याशिवाय ते आपणहून येत नाहीत."

हे मी दोनदा वाचलं. मग उठून गच्चीवर जाऊन आलो. खाली आल्यावर परत यायची ओळ लिहिली, आणि त्या दिवशी माझे कामगार पहिल्यांदा घरी आले.

असं ते चालू झालं. रोज दुपारी जेवण झालं की मी प्रश्न टाकायचो आणि संध्याकाळी तो कामावरून आला की उत्तर द्यायचा. एकदा मी 'झाड संपेपर्यंत तोडत राहा' असं लिहिलं आणि झाड संपलं का ते बघायला सांगायचं विसरलो. माझा बॉट त्या एका झाडापाशी सामनाभर कुऱ्हाड चालवत राहिला. झाड केव्हाच संपलं होतं. यवतेश्वरनं लिहिलं, "काका, हे प्रत्येकाचं एकदा तरी होतं. माझा तर एकदा स्वतःच्याच किल्ल्यावर चालून गेला होता." हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. इंदू स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मी बरा आहे ना ते बघून परत गेली.

मला एका गोष्टीचं आश्चर्य वाटायचं. या मुलानं घरात मला इतक्या शांतपणे कधी काही सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही त्याला कधी 'कृपया' म्हणून काही विचारलं नव्हतं. दहावीत त्याला भूमिती शिकवताना मी दोन पट्ट्या मोडल्या होत्या. एक टेबलावर.

रविवारी सामने लागायचे. त्यात कधीमधी शेजारी विरुद्ध यवतेश्वर असा सामना यायचा. सामना संपला की इंदू विचारायची, "कोण जिंकलं?"

"संग्राम."

"मग बरं झालं," म्हणून ती चहा टाकायची.

पावसाळा लागता लागता मी भिंत बांधायला शिकलो. चारी बाजूंनी चिरेबंद, कोपरे काटकोनात. वृत्तान्तावरून कागदावर उतरवली तेव्हा माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. पण सामना गेला. अर्धे कामगार बाहेर राहिले आणि सैन्य आत. यवतेश्वरनं विचारलं, "काका, दार कुठं आहे?"

"अजून ठरलेले नाही, म्हणून ठेवलेले नाही."

"दार ठेवा. कुठल्याही बाजूला ठेवलं तरी चालेल."

मी लिहिलं, "कुठल्याही बाजूला चालत नाही."

त्यावर बरेच दिवस काही उत्तर आलं नाही. मी रोज दुपारी बघायचो. दुसरे लोक दुसरंच काही बोलत असायचे. जेवणावरचं माझं लक्ष उडालं. प्रोग्राम लिहिणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्याचा पोरानं तरी का म्हणून राग धरावा, असं मी मनाला समजावलं, पण ते काही पटलं नाही. शेवटी एका संध्याकाळी ओळ दिसली. "मग तुम्हाला योग्य वाटेल त्या बाजूला ठेवा. पण ठेवा."

मला इतकं हायसं वाटलं की इंदूनं न सांगता मी दळण आणून दिलं.

मग मी किल्ला शास्त्राप्रमाणं बांधायचं ठरवलं. हरायचंच तर निदान नीट हरावं. भट्टी आग्नेयेला, पाण्याचा हौद ईशान्येला, सेनापतीचं घर नैर्ऋत्येला, धान्य वायव्येला. मधला चौक मोकळा, त्यात काही म्हणजे काही नाही. आणि दार बरोबर उत्तरेला. एकेक आकडा मी आलेखावर मोजून घातला. पुढचे कितीतरी सामने मी हरलो, कारण भट्टी खाणीपासून लांब पडायची आणि मोकळ्या चौकात जागा वाया जायची. चर्चेच्या पानावर पोरं हसायची. एकानं लिहिलं, "शेजारीकाका, तुमच्या किल्ल्यात क्रिकेट खेळायचं का?" मी उत्तर दिलं नाही. शास्त्राला वेळ द्यावा लागतो.

दसऱ्याच्या पुढच्या रविवारी मी जिंकलो.

समोरचा गडी चांगला तयारीचा होता. त्याचं सैन्य माझ्या दारातून घुसलं, भट्टी जिथं सगळ्यांची असते तिथं गेलं, तिथं काहीच मिळालं नाही म्हणून वळलं आणि सगळंच्या सगळं माझ्या मोकळ्या चौकात येऊन गोंधळून उभं राहिलं. चारी कोपऱ्यांतून माझ्या तिरंदाजांनी त्यांचा निकाल लावला. मी ते कागदावर काढलं आणि देवाजवळ ठेवलं. इंदूनं साखर ठेवली.

यवतेश्वरनं लिहिलं, "मनापासून अभिनंदन, काका. चौक मोकळा ठेवायची कल्पना कुठून सुचली?"

"कल्पना नाही, शास्त्र आहे."

"आणि दार?"

"दार उत्तरेला. त्याशिवाय यश नाही."

त्यानं लिहिलं, "बरोबर आहे. दार मुळीच हलवू नका."

मला मनातून फार बरं वाटलं. एवढ्या एका गोष्टीवरून घर तुटलं होतं आणि तीच गोष्ट पोरानं एका परक्या माणसाजवळ कबूल केली होती. ती मला सांगितली असती तर काय बिघडलं असतं, असंही वाटलं. म्हणजे बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, एकाच वेळी.

मग दिवाळी आली. पाडव्याला सकाळी आम्ही एसटीत बसलो. इंदूच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत फराळाचा डबा आणि त्यावर चांदीचं निरांजन.

"येणार ना वर?" तिनं शिरवळला विचारलं.

"बघू."

"तुमच्या 'बघू'शीच संसार केलाय मी," ती म्हणाली.

लिफ्टपाशी तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि वर गेली. मी नेहमीच्या जागी गेलो तर खुर्ची नव्हती. रखवालदार दिवाळीला गावी गेला होता आणि जाताना खुर्ची कुठंतरी कुलपात ठेवून गेला होता. मी पंपाला टेकून उभा राहिलो. वर जावं असं पायाला वाटत होतं, पण इतक्या दिवसांनी काय म्हणून जायचं ते कळत नव्हतं. दार तर होतं तिथंच होतं.

लिफ्टचं दार उघडलं. केतकी डबा घेऊन आली असेल असं मला वाटलं. संग्राम होता. काखेत लॅपटॉप. पोट थोडं सुटलं होतं आणि कानाशी एक-दोन केस पांढरे झाले होते. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"खुर्ची नाही?" तो म्हणाला.

"नाही."

त्यानं लॅपटॉप एका स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि उघडला. "तुम्हाला एक दाखवायचंय."

"मला काय दाखवायचंय?"

"शेजारीकाकांचा किल्ला."

मी पंपाकडं बघत राहिलो. पंप बंद होता. मग मी चष्मा काढून घातला आणि स्कूटरपाशी गेलो.

माझा किल्ला मी पहिल्यांदाच बघत होतो. इतके महिने तो माझ्यासाठी आकडे आणि पेन्सिलीच्या रेघा होता. इथं त्याला तांबूस दगडाच्या भिंती होत्या. भट्टीतून धूर निघत होता. बोटाच्या पेराएवढी माणसं डोक्यावर मोळ्या घेऊन रानातून निघाली होती आणि एकामागून एक घरी येत होती. कुणी चुकत नव्हतं, कुणी मागं राहत नव्हतं.

"परत येतायत," मी म्हणालो.

"येतायत की. तुम्ही सांगितलंत ना." मग तो म्हणाला, "आता ह्या कोपऱ्यात बघा. होकायंत्र आहे. उत्तर कुठंय?"

"वर. उत्तर वरच असते."

"आणि तुमचं दार?"

मी बघितलं. भिंतीच्या खालच्या अंगाला दार होतं. त्यातूनच सगळी ये-जा चालली होती.

"तू चित्र उलटं लावलंयस," मी म्हणालो.

"नाही, बाबा. कॉम्प्युटरचा पडदा वरच्या कोपऱ्यापासून मोजतात. उभा आकडा वाढला की आपण खाली जातो."

"खाली?"

"खाली."

"हे चूक आहे."

"असेल. पण पहिल्यापासून तसंच आहे."

मी तिथल्या तिथं मनात कागद उलटा केला. "म्हणजे भट्टी..."

"ईशान्येला. पाण्याच्या जागी."

"आणि हौद?"

"चुलीच्या जागी."

दाराचं तो बोलला नाही. पोराला तेवढी रीत आहे. ते मलाच बोलावं लागलं. "म्हणजे सबंध पावसाळा माझी माणसं दक्षिणेच्या दारातून ये-जा करतायत."

"हो."

"आणि मी जिंकलो."

"जिंकलात. हरलातही पुष्कळ, पण ते दुसऱ्या कारणांनी."

पडद्यावर कामगार येत होते, मोळी टाकत होते आणि पुन्हा त्याच दारातून बाहेर पडत होते. त्यांना कुणी होकायंत्र दिलं नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिलो. संग्रामही बघत राहिला. असे आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून त्याच्या लहानपणी गच्चीवरून डोंगर बघायचो.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"ज्या दिवशी तुम्ही लिहिलंत, 'कुठल्याही बाजूला चालत नाही.' असं लिहिणारा माणूस जगात एकच आहे." तो पडद्याकडंच बघत म्हणाला, "मग चित्र उघडून बघायला लागलो. थोड्या दिवसांनी किल्ला दिसला. आख्खं वास्तुशास्त्र, आणि ते डोक्यावर उभं. त्या दिवशी केतकीला बोलावून दाखवलं. ती रडायलाच लागली."

"मग माझ्याशी बोलला का नाहीस?"

"बोलत होतो की," संग्राम म्हणाला. "रोज बोलत होतो."

मी खिशात हात घातला तर रुमालाऐवजी होकायंत्रच हाताला लागलं. ते मी परत आत ठेवलं. डोळे मनगटानं पुसले. संग्रामनं लॅपटॉप मिटला, आणि तो मिटायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"आईनं ताम्हण तयार ठेवलंय," तो म्हणाला. "तेल घालून बसलीय."

"चल," मी म्हणालो.

चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर रांगोळी. आत केतकी उभी होती आणि तिच्या मागं इंदू निरांजन लावत होती. तिनं मान वर करून मला बघितलं आणि काडीचा चटका बसेपर्यंत ती विझवायची विसरली.

मी उंबऱ्याशी थांबलो. संग्राम माझ्या मागं उभा होता.

"दार दक्षिणेला आहे," मी म्हणालो.

"आहे, बाबा."

"माझं मत बदललेलं नाही."

"हो, बाबा."

"पण हलवू नकोस," मी म्हणालो आणि आत गेलो.